सम तारीख, विषम तारीख

९ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी दुसरीत असताना तू एकदा मला सांगितलं होतंस की वर्तुळ काढताना हाताकडे बघायचं नाही, मध्याकडे बघायचं. तुझ्या शाळेतला वर्ग रिकामा होता आणि मी फळ्यासमोर स्टुलावर उभी होते. तू खडूनं एक टिंब दिलंस, खांद्यापासून हात फिरवलास, आणि वर्तुळ असं आलं की ते कुठे सुरू झालं आणि कुठे मिटलं हे मला शोधून सापडेना. माझं बटाट्यासारखं आलं. तू म्हणालीस की बटाटा चांगला आहे, टिंब तर फारच चांगलं आहे, आणि तेव्हापासून मी तुझी टिंबू झाले.

हे सगळं काल आठवलं, कारण तुझं पत्र आलं. पत्राच्या आधी पाकिटावरचं अक्षर दिसलं. आईनं पाकीट हातात घेतलं, नुसता पत्ताच बराच वेळ वाचला आणि म्हणाली की हिला चालत्या गाडीत बसून लिहायची सवय कधी लागली. मग तिनं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

हात थरथरतो हे तू आमच्यापासून एवढे दिवस लपवलंस, त्याचं भांडण मी राखून ठेवते आहे. आधी कामाचं. तू ज्या नव्या औषधाच्या चाचणीत नाव घातलं आहेस, तिचे आकडे आमच्याच ऑफिसात येतात. मी सकाळी पहिल्यांदा मोठ्या बाईंकडे गेले आणि सांगून टाकलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या की इथे माणसं येत नाहीत, क्रमांक येतात, तेव्हा मावशीला सांग की स्वतःचा क्रमांक तुला कधी कळवायचा नाही. म्हणून सांगते, कळवू नकोस. गमतीत नको, आडून नको.

बाकी तुला क्लिनिकमध्ये सांगितलंच असेल. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली. कोणाला कोणती हे डॉक्टरांना माहीत नाही, आम्हालाही नाही. वर्ष संपलं की कळणार. त्या दुसऱ्या गोळीला आम्ही ऑफिसात खडू म्हणतो. तुझ्या वाट्याला खडू आला, तर इतकी वर्षं झिजवल्याचा त्यानं सूड उगवला असं समज.

आईचा आशीर्वाद. लोभ आहेच, त्यात अजून जागा असेल तर वाढवावा.

तुझी,
टिंबू

२ फेब्रुवारी

चि. टिंबूस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. ताईला सांग, चालत्या गाडीत नाही, जेवणाच्या टेबलावर बसूनच लिहिते. टेबल जागेवर असतं, मीच गाडीत असते. सहीचा घोटाळा झाला म्हणून बँकेतल्या बाईंनी मला तीनदा सही करायला लावली, आणि तिन्ही सह्या तीन बायकांच्या आल्या. शाळेची नोकरी संपली आहे ते बरं, नाहीतर पोरांनी माझी वर्तुळं मोजायला घेतली असती.

क्लिनिक नीटनेटकं आहे. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, शेजारी कागदी पेले. आम्ही सगळे थरथर मंडळी तिथे बसतो आणि कोणी पाणी पीत नाही. का ते तुझ्या लक्षात येईल. पहिल्या दिवशी एक बाई उठल्या, पेला निम्माच भरला, एक थेंब न सांडता प्यायल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की पेला पूर्ण भरायचा हट्ट सोडला की आयुष्य सोपं होतं. मला हे बोलणं आगाऊपणाचं वाटलं. अर्ध्या तासानं आमची मैत्री झाली.

या बाई गावाबाहेरच्या तळ्यातल्या शेवाळाच्या अभ्यासक. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, त्याला काचेसारखी कवचं असतात. इतकी वर्षं त्या एकाच तळ्याचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि एकेक कवच पेन्सिलीनं काढतात. पाणी तापतं आहे तशी मोठी गोल कवचं कमी होत चालली आहेत आणि बारकी लांबट वाढताहेत. मी विचारलं की फोटो का नाही काढत. त्यांनी मला ढ मुलीकडे बघावं तसं बघितलं आणि सांगितलं की फोटोत एकाच पातळीवरचं दिसतं. कवच वरखाली बघून डोक्यात जुळवावं लागतं आणि मग हातानं उतरवावं लागतं. आणि सगळी चित्रं एकाच हातची असली तरच पहिल्या वर्षाशी शेवटच्या वर्षाची तुलना करता येते. या चित्रांच्या पुस्तकाची शेवटची तीन पानं राहिली आहेत आणि हातानं दगा दिला. मी त्यांना तळेवाली म्हणते. त्या मला मास्तरीण म्हणतात, आणि आता आम्ही अगं-तुगं करतो.

घरी न्यायला एकेक टॅब दिला आहे. रोज संध्याकाळी त्याच्यावर बोटानं गोगलगाईसारखं वेटोळं काढायचं. हात किती हलला ते यंत्र मोजतं आणि तुमच्याकडे पाठवतं. माझी गोगलगाय रोज भूकंपात सापडते.

क्रमांक सांगत नाही, काळजी नको. मी एक लहानसा हिशेब मांडला आहे, तोही सांगत नाही, कारण तुला माझ्या हिशेबात चुका काढायची खोड आहे.

ताईला नमस्कार. माया आहे तशी आहे, पत्र मात्र वाढवावं.

तुझी,
मावशी

१० जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. आईनं यावर मला जे ऐकवलं ते तुझ्यापर्यंत पोचलं असेलच, तिचा आवाज तेवढा आहे. तुझ्या मागच्या पत्रातलं अक्षर बरं होतं. त्याच्या आधीचं वाईट. मी काही विचारत नाही.

ऑफिसात सध्या मजेशीर त्रास चालू आहे. रोजच्या वेटोळ्यांपासून आम्ही प्रत्येक माणसाची एक रेषा काढतो. हात हलला की वर, शांत राहिला की खाली. माणसांच्या रेषा माणसांसारख्याच असतात, लहरी. पण दोन रेषा अशा सापडल्या आहेत की एक दिवस खाली, एक दिवस वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. करवतीच्या दात्यांसारख्या. आणि दोन्ही बरोबर. एक वर असेल तर दुसरी वर. आम्ही त्यांना जुळ्या म्हणतो. त्याहून विचित्र म्हणजे मार्च संपताना त्यांचा ताल चुकला, सलग दोन दिवस एकसारखे आले. मे संपतानाही तेच. फेब्रुवारी आणि एप्रिल मात्र सुरळीत.

मोठ्या बाईंचं म्हणणं असं की माणसाचा हात कॅलेंडर बघून हलत नाही, तेव्हा दोष टॅबच्या घड्याळात आहे. एकतीस दिवसांचा महिना त्याला पचत नाही. दोन्ही टॅब एकाच खोक्यातले निघाले. तसं असेल तर त्या खोक्यातल्या सगळ्या टॅबचे आकडे फेकून द्यावे लागतील, म्हणजे कितीतरी लोकांचं अर्ध्या वर्षाचं वेटोळं. त्यात एक कोणीतरी आहे, बाई की पुरुष मला माहीत नाही. जानेवारीत त्यांचं वेटोळं म्हणजे नुसता गुंतवळ होता. आता त्यातून रेषा सुटी होऊन दिसायला लागली आहे. मी रोज आधी तेच उघडून बघते. ते फेकायचं माझ्या जिवावर आलं आहे. या आठवड्यात ठरेल.

खरं तर हे तुला लिहायला नको होतं. पण नाव नाही, गाव नाही, आणि हिशेबाचं कोडं पडलं की तुझ्याशिवाय मला दुसरं कोण सुचणार.

लोभ ठेवावा, आणि उत्तर सुचलं तर तेही.

तुझी,
टिंबू

१५ जून

चि. टिंबूस,
अ. आ.

आकडे फेकू नका. घड्याळ बरोबर आहे. त्या जुळ्या म्हणजे मी आणि तळेवाली.

आता शांतपणे वाच. हिशेब असा. एकटीनं आपापली बाटली संपवली, तर काहीच न मिळण्याची भीती निम्मी. दोघींनी वाटून घेतली, तर दोन्ही बाटल्या खडूच्या असण्याची भीती चारात एक. हे मी नववीच्या पोरांना नाणी उडवून शिकवत आले. तेव्हा फेब्रुवारीपासून आम्ही बाटल्या निम्म्या-निम्म्या केल्या. सम तारखेला दोघींनी एकीच्या बाटलीतली गोळी घ्यायची, विषम तारखेला दुसरीच्या. कोणाची कोणती ते लिहीत नाही, तू बजावलं आहेस. एकतीसनंतर एक येते, दोन्ही विषम, म्हणून महिनाअखेरीला लागोपाठ एकाच बाटलीतली घेतली जाते. तुमचा ताल तिथे चुकला. मी पत्र वाचून हसले, आणि मग हसू गेलं.

आम्हाला यात लबाडी वाटली नाही. ताईला विचार. आम्हा दोघींत एक कंपासपेटी होती. एक दिवस ताईची, एक दिवस माझी. ताईच्या दिवशी माझ्या वर्गात भूमिती आली की मी हातानं वर्तुळं काढायची. तू फळ्यावर जे बघितलंस ते तिथून आलं. वाटून घेतलं की दोघींचं भागतं, एवढंच आमच्या घरात शिकवलेलं.

औषध चांगलं आहे, टिंबू. एका बाटलीच्या दिवशी हात ऐकतात, दुसरीच्या दिवशी नाही. हे कळायला आम्हाला आठवडाही लागला नाही. चांगल्या दिवशी तळेवाली जेवण विसरून चित्र काढते. मी परवा आरशावर साबणानं वर्तुळ काढलं, मिटलं ते जिथून निघालं तिथेच.

तुला हे वर सांगावं लागेल हे मला कळतं. फक्त एक महिना थांब. तिचं दीड पान राहिलं आहे. तेवढं झालं की आम्ही दोघी स्वतः जाऊन क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंपुढे उभ्या राहू. घड्याळाचा दोष नाही एवढंच तूर्त सांग.

माया कमी करू नये.

तुझी,
मावशी

२० जून

ती. मावशीस,
सा. न.

एक महिना थांबता येणार नाही. एक दिवस थांबले, तोही माझ्यासाठी, तुझ्यासाठी नाही. काल मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मी तुला जुळ्यांबद्दल लिहिलं होतं तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकी लावली आणि विचारलं की पत्र लिहिताना तुला काय वाटलं होतं. मला या कामावरून काढलं आहे. रागानं नाही, असंच असावं लागतं. त्या गुंतवळवाल्या माणसाचं वेटोळं आता मला बघता येणार नाही. त्याचे आकडे मात्र फेकणार नाहीत, ते तुझ्या पत्रामुळे.

तुम्ही दोघींनी या आठवड्यात स्वतः डॉक्टरांना सांगा. मोठ्या बाई सोमवारपर्यंत फोन करणार नाहीत, एवढी सवलत मी मागून घेतली आहे.

तुझा हिशेब बरोबर आहे. चूक कुठे आहे ते सांगते, कारण खोड जात नाही. आम्ही बघतो ते खरी गोळी घेणारे आणि खडू घेणारे यांच्यातलं अंतर. तुम्ही वाटून घेतलं, तेव्हा खरीवाली निम्मी खडूकडे सरकली आणि खडूवाली निम्मी खरीकडे. अंतर आटलं. अजून दोन-चार जोड्यांनी असंच प्रेम केलं असतं, तर वर्षाअखेरीला आम्ही लिहिलं असतं की औषधात फारसा दम नाही, आणि ते बंद झालं असतं. ज्यांचा चमचा तोंडापर्यंत जात नाही, त्यांना ते कधी मिळालंच नसतं. तुमच्या दोघींपुरतं भागलं, मावशी. बाकीचे त्या कंपासपेटीत धरलेच नव्हते.

हे लिहून मी उठले, घरभर फिरले, पुन्हा बसले. मला तुझ्यावर चिडता येत नाही आणि चिडले नाही असं म्हणताही येत नाही. आरशावरचं वर्तुळ मला सारखं दिसतं. तुम्हाला वाटणी बंद करावी लागेल, आणि मग तुमच्यापैकी एकीला रोज खडू. कोणाला, ते मला कळू नये असं मला फार वाटतं.

आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते की कंपासपेटी तिच्या दिवशीही तूच पळवायचीस, तेव्हा इतिहास नीट लिहावा.

माझा लोभ तिथेच आहे, जागचा हललेला नाही.

तुझी,
टिंबू

३० ऑगस्ट

चि. टिंबूस,
अ. आ. वि. वि.

अक्षर माझं नाही हे तू पाकिटावरच ओळखलं असशील. मी सांगते आहे आणि तळेवाली लिहिते आहे. किती सरळ ओळी आहेत बघ. याहून जास्त मी या बाबतीत काही बोलत नाही, आणि तू त्या कामावर नाहीस तेव्हा तुलाही बघायला बंदी नाही.

आम्ही सोमवारच्या आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की हे डोकं कोणाचं. तळेवालीनं माझ्याकडे बोट केलं, मी तिच्याकडे. बाईंना हसू आवरेना आणि रागही आवरेना, मग त्यांनी दोन्ही केलं. आमच्याबद्दल त्यांच्यात बैठक झाली. आमचे ते महिने दोषाचे म्हणून नोंदवले आणि आम्हाला ठेवून घेतलं, पण यापुढे आपापली बाटली, वर्ष संपेपर्यंत. नव्या बाटल्या सीलबंद दिल्या. आम्ही तोंडी कबूल केलं, आणि कागदावर सह्याही केल्या, त्या वाचता येतील तेवढ्या.

एकदा माझ्या पिशवीत कागदाच्या पुडीत एक गोळी निघाली. मी ती तशीच तळेवालीला परत नेऊन दिली. लेखनिक बाई म्हणताहेत की हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिही. त्यांनी लिहिलं आहे, पण दात ओठ खाऊन. त्या दिवशी आमचं पहिलं भांडण झालं. तिचं म्हणणं की तिची पानं संपत आली, माझं काम तर रोजचं आहे. भाजी चिरायची असते, बटणं लावायची असतात. मी तिला तुझं पत्र वाचायला दिलं. चमच्याचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. पुन्हा पुडी आली नाही.

पुस्तक पुरं झालं. शेवटच्या पानावर गोल कवच आहे, आता तळ्यात मुद्दाम शोधावं लागतं ते. तिनं मला दाखवायला आणलं. मी म्हटलं की डावीकडे किंचित चपटं आहे. ती म्हणाली की कवचच तसं आहे. आम्ही दोघींनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. कवचच तसं होतं.

तुला काम बदलून मिळालं ते ताईकडून कळलं. रस्त्यावरच्या झाडांची सावली उन्हाळ्यात किती अंश उतरवते, हे मोजायला बाहेर हिंडावं लागतं ते बरं, तू ऑफिसात पिवळी पडत होतीस. टोपी घालत जा. माझ्यामुळे तुझं आवडतं काम गेलं हे मी विसरलेले नाही. त्याबद्दल इथे लिहिलं तर लेखनिक बाई मध्येच लिहायचं थांबतील, त्यांनाही तसंच वाटतं, म्हणून समोर आलीस की बोलू.

मी ठीक आहे. पेला निम्माच भरते. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला रोज खडूनं एक वर्तुळ काढते, मध्याकडे बघून. जे येतं त्याला बटाटा म्हणता येईल, चांगल्यापैकी. वर्ष संपलं आणि औषध खरं ठरलं तर सगळ्यांना मिळणार असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत. तोपर्यंत थांबायचं. त्या गुंतवळवाल्या माणसाचं बरं चाललं असेल असं धरून चालू.

ताईला सांग, कंपासपेटी माझ्या कपाटात आहे, हवी तर एक दिवसाआड पाठवते.

माया होती तेवढीच आहे, तुझ्याकडची कळवावी.

तुझी,
मावशी

ता. क. लेखनिक बाई चहा करायला गेल्या आहेत, म्हणून एवढं माझ्या हातानं. सावकाश वाच. ज्या कागदावर आमच्या दोन्ही रेषा बरोबर वर जातात आणि बरोबर खाली येतात, त्याची एक प्रत मला हवी आहे. क्रमांक कापून टाका. भिंतीवर लावणार नाही, कंपासपेटीत घडी करून ठेवीन. कागद ऑफिसाचा आहे, तू आता त्या कामावर नाहीस, आणि असतीस तरी नाहीच म्हणाली असतीस, हे मला माहीत आहे. तरी मोठ्या बाईंना एकदा विचारून बघ.